जनगणना ते प्रभागरचना : पुण्यातील पक्षशाखेने काय करावे आणि काय टाळावे

पुणे महापालिकेची प्रारूप प्रभागरचना 22 ऑगस्ट 2025 रोजी प्रसिद्ध झाली आणि हरकती-सूचनांसाठी 4 सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली. त्या वर्षी गणेशचतुर्थी 27 ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला होती. म्हणजे शहरातील जवळजवळ प्रत्येक पक्षाचा कार्यकर्ता मंडळाच्या मांडवात गुंतलेला असताना पुढच्या पाच वर्षांच्या सीमा ठरत होत्या. अशा वेळी नकाशा हातात आल्यावर अभ्यासाला बसणाऱ्या शाखेला फारसे काही साधता येत नाही, कारण नकाशा वाचणे, प्रत्यक्ष सीमेवर फिरणे, लोकसंख्येची बेरीज-वजाबाकी करणे आणि त्यावरून टिकेल अशी हरकत लिहिणे ही कामे दोन आठवड्यांत नव्याने शिकता येत नाहीत.

खरे तर हे काम नकाशाच्या कितीतरी आधी, जनगणनेच्या वेळी सुरू होते. मात्र जनगणनेत पक्षाला कोणतेही अधिकृत स्थान नाही आणि प्रभागरचनेत उघडपणे, लेखी बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. या दोन टप्प्यांतील फरक नीट सांभाळणे हेच शाखेचे खरे कौशल्य आहे. पुढील मार्गदर्शन कोणत्याही एका पक्षासाठी नाही. सत्तेत असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना ते सारखेच लागू आहे.

आकडा कुठून येतो

राज्यघटनेच्या अनुच्छेद 243त मध्ये लोकसंख्येची जी व्याख्या दिली आहे, ती शेवटच्या अशा जनगणनेची, जिचे आकडे प्रसिद्ध झालेले आहेत. 2021 ची जनगणना कोविडमुळे झालीच नाही; त्यामुळे 2025 मध्ये प्रभाग आखताना 2011 चेच आकडे घ्यावे लागले. 2011 मध्ये महापालिका हद्दीत सुमारे 31 लाख 24 हजार लोक होते. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे हद्दीत आली, त्यांपैकी उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही नंतर वेगळी झाली, आणि उरलेल्या गावांची 2011 ची लोकसंख्या धरून बेरीज 34 लाख 81 हजार 359 इतकी झाली. महापालिका अधिनियमानुसार तीस लाखांपर्यंत 161 आणि पुढील प्रत्येक पूर्ण लाखामागे एक, या हिशेबाने 165 नगरसेवक ठरले. त्यांतून 41 प्रभाग झाले, चाळीस चार सदस्यांचे आणि बालाजीनगर-आंबेगाव-कात्रज हा एकच पाच सदस्यांचा.

हा हिशेब प्रत्येक शाखेतील किमान दोन जणांना तोंडपाठ असायला हवा. एका सदस्यामागे सरासरी 21,099 लोक आणि चार सदस्यांच्या प्रभागात सरासरी 84,396 लोक येतात. दहा टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागाची लोकसंख्या साधारण 75,957 ते 92,836 या दरम्यान असली पाहिजे. अनुसूचित जातींची लोकसंख्या 4,68,633 आणि अनुसूचित जमातींची 40,687 होती. तिच्या प्रमाणात 165 पैकी अनुक्रमे 22 आणि 2 जागा राखीव झाल्या. ज्या वस्तीतील माणसे 2011 च्या गणनेत सुटली, त्यांचा तोटा केवळ त्यांच्या प्रभागापुरता राहिला नाही. राखीव जागांच्या प्रमाणातही तो उतरला आणि पंधरा वर्षे टिकला. वाघोली, म्हाळुंगे, मांजरी, नऱ्हे यांसारख्या भागांत 2011 नंतर उभ्या राहिलेल्या इमारतींतील माणसे तर या हिशेबात मुळातच नाहीत. तेथील नगरसेवकाच्या वाट्याला कागदावरच्या सरासरीपेक्षा कितीतरी अधिक माणसे आलेली आहेत आणि पाणी, कचरा, रस्ते यांच्या तक्रारींत ते रोज दिसते.

गणनेखेरीज दुसरी बाजू आहे ती नियमांची. 2012 मध्ये पुण्यात दोन सदस्यांचे 76 प्रभाग आणि 152 जागा होत्या. 2017 मध्ये चार सदस्यांची पद्धत आली आणि जागा 162 झाल्या. 2022 साठी तीन सदस्यांचे 57 आणि दोन सदस्यांचा एक, असे 58 प्रभाग आणि 173 जागा असा आराखडा तयार झाला, तो रद्द झाला, आणि 2025 मध्ये पुन्हा चार सदस्यांवर गाडी आली. या सर्व काळात नव्याने एकही डोके मोजले गेले नव्हते. प्रभाग किती सदस्यांचा असावा आणि नगरसेवकांची संख्या किती असावी, हे विधिमंडळात ठरते. म्हणून ज्या पक्षाला या बाबतीत काही मत आहे, त्याने ते विधेयकाच्या वेळी आपल्या आमदारांमार्फत मांडावे. हरकतींच्या सुनावणीत हा मुद्दा काढण्यात वेळ वाया जातो, कारण तो बदलण्याचा अधिकार तेथे बसलेल्या कोणालाही नसतो.

गणनेच्या काळात

पुढच्या जनगणनेची संदर्भवेळ, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरली जाते ती वेळ, 1 मार्च 2027 च्या मध्यरात्रीची आहे. घरयादीचा (घरांची आणि त्यांतील सोयींची नोंद करण्याचा) टप्पा 2026 च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात प्रत्येक राज्याने ठरवलेल्या तीस दिवसांत आणि लोकसंख्या मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी 2027 मध्ये, असा कार्यक्रम केंद्राने जाहीर केला आहे. त्यासाठी प्रशासकीय हद्दी 31 डिसेंबर 2025 ला होत्या तशा गोठवल्या आहेत. या गणनेत प्रत्येकाची जात नोंदवली जाणार आहे. सर्व जातींची अशी नोंद यापूर्वी 1931 मध्ये झाली होती. माहिती मोबाइलवर भरली जाईल आणि कुटुंबाला स्वतःची माहिती पोर्टलवर स्वतः भरण्याची सोयही ठेवली आहे.

पक्षाने काय करू नये, ते आधी सांगतो, कारण उत्साही कार्यकर्त्याचा पाय येथेच घसरतो. मतदार यादीच्या कामात मान्यताप्राप्त पक्षाला मतदान केंद्रनिहाय प्रतिनिधी नेमता येतो. जनगणनेत अशी कोणतीही तरतूद नाही. म्हणून बूथप्रमुखाने प्रगणकासोबत दारोदार फिरू नये. प्रगणक बहुधा महापालिकेचा किंवा शाळेचा कर्मचारी असतो; त्याच्या शेजारी पक्षाचा माणूस उभा दिसला की समोरचे कुटुंब मोकळेपणाने उत्तर देत नाही. जनगणना अधिनियम 1948 च्या कलम 15 नुसार वैयक्तिक नोंदी कोणालाही पाहायला मिळत नाहीत आणि पुरावा म्हणूनही वापरता येत नाहीत. गोपनीयतेची ही हमी लोकांना खरी वाटावी अशी इच्छा असेल, तर पक्षाने घराघरांतून समांतर माहिती गोळा करण्याचा मोह सोडला पाहिजे. आपल्या मोबाइलवरून दुसऱ्या कुटुंबाची स्वयंगणना भरून देणे, त्यांचा पासवर्ड मागणे किंवा भरलेल्या माहितीचे छायाचित्र घेणे या गोष्टी सेवा म्हणून केल्या तरी चुकीच्याच आहेत.

जातीच्या रकान्याबाबत अधिक काटेकोर राहावे लागेल. 'अमुक समाजाने अमुकच नाव लिहावे' अशी छापील चिठ्ठी पक्षाच्या नावाने किंवा पक्षाच्या आडून वाटली जाऊ नये. माणसाने आपल्या माहितीप्रमाणे खरे उत्तर द्यावे, एवढाच संदेश पक्षाने द्यायचा आहे. जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हा या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि तो करायला लोकांना प्रवृत्त करणारा पक्ष त्यांच्या हिताचे काम करत नाही, असे माझे ठाम मत आहे.

करण्यासारखे मात्र खूप आहे. पुण्यात कोणती माणसे मोजणीतून सुटतात, हे शाखेला सरकारी कार्यालयापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. बांधकामावरील मजुरांचे पत्र्याचे निवारे, सोसायट्यांच्या पार्किंगलगत किंवा जिन्याखाली राहणारी रखवालदारांची कुटुंबे, सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन राहिलेले विद्यार्थी, हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत रात्रपाळी करणारे आणि दिवसा दार न उघडणारे भाडेकरू, जनता वसाहतीत किंवा ताडीवाला रस्त्यावर एकाच दारातून आत गेल्यावर लागणारी तीन-तीन बिऱ्हाडे, नव्या गावांत मालमत्ता कराची नोंद नसलेली घरे आणि पुलाखाली झोपणारी माणसे. शाखेने अशा जागांची यादी करावी. यादीत व्यक्तींची नावे नकोत. केवळ ठिकाण, खूण, अंदाजे बिऱ्हाडे आणि तेथे माणसे कोणत्या वेळी भेटतात, एवढेच लिहावे. ही यादी घरयादीचा टप्पा सुरू होण्यापूर्वी आपल्या क्षेत्रीय कार्यालयातील चार्ज अधिकाऱ्याकडे, म्हणजे त्या भागाच्या जनगणनेची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. शहरात महापालिका आयुक्त हे प्रधान जनगणना अधिकारी असतात, म्हणून त्यांना प्रत पाठवावी.

दुसरे काम प्रबोधनाचे. पाहुणा म्हणून आलेला माणूस कुठे मोजला जाईल, गावाकडे घर असलेल्याने कोणता पत्ता सांगावा, अशा प्रश्नांवर चाळीत, सोसायटीत, महिला बचत गटाच्या बैठकीत बोलावे. पुण्यात राहणारे अनेक जण सवयीने 'आमचे सगळे गावाला आहे' असे सांगून मोकळे होतात. सहा-आठ वर्षे येथेच राहून येथील पाणी, बस आणि दवाखाना वापरणाऱ्या माणसाची नोंद येथे झाली नाही, तर त्याच्या वाट्याची जागा शहराच्या हिशेबात येत नाही, हे त्याला समजावून सांगावे. अशा बैठकीत पक्षाचा झेंडा किंवा इच्छुकाचे छायाचित्र लावू नये. विषय गणनेचाच राहील.

टप्पा संपल्यावर एखादी इमारत किंवा वस्ती पूर्णपणे राहून गेली असल्याचे कळले, तर त्याच दिवशी लेखी कळवावे. 2011 मध्ये मुख्य मोजणीनंतर 1 ते 5 मार्च अशी फेरतपासणी झाली होती. अशी खिडकी फार थोडे दिवस उघडी असते.

मधल्या काळातील तयारी

प्रत्येक प्रभागासाठी तीन-चार जणांचा अभ्यासगट नेमावा. त्यात निवृत्त शिक्षक, सर्वेक्षणाचे किंवा हिशेबाचे काम केलेला कोणी, आणि परिसर पायांखालून गेलेला एक जुना कार्यकर्ता असावा. निवडणूक लढवू इच्छिणाऱ्याला या गटात घेऊ नये. तो नकाशाकडे आपल्या हक्काच्या मतांच्या नजरेने पाहतो आणि हरकत त्याच रंगाने रंगते.

गटाने अंतिम प्रभागरचनेची अधिसूचना, चतुःसीमेचे वर्णन, नकाशा आणि प्रभागनिहाय प्रगणक गटांची लोकसंख्येसह यादी मिळवून ठेवावी. प्रगणक गट म्हणजे एका प्रगणकाने मोजलेला परिसर, आणि प्रभाग हे या गटांचेच जुळवून बनतात. नकाशा हातात घेऊन प्रत्येक सीमारेषेवर पायी फिरावे. आंबिल ओढ्याचा काठ कोणत्या गल्लीशी येतो, लोहमार्ग ओलांडायला जवळचा भुयारी मार्ग कुठे आहे, सातारा रस्त्याच्या एका बाजूच्या वस्तीला दुसऱ्या बाजूच्या शाळेत जायला किती वळसा पडतो, या नोंदी पुढे हरकतीत थेट वापरता येतात.

हरकत कशी लिहावी

प्रभागरचनेचे नियम दर वेळी आदेशाद्वारे जाहीर होतात, पण त्यांचा गाभा फारसा बदलत नाही. आखणी उत्तरेकडून सुरू होऊन ईशान्य, पूर्व, पश्चिम असे करत दक्षिणेला संपते. म्हणूनच कळस-धानोरी हा प्रभाग क्रमांक 1 आणि महंमदवाडी-उंड्री हा 41 आहे. नद्या, नाले, लोहमार्ग, मोठे रस्ते, उड्डाणपूल यांच्या आधाराने सीमा आखाव्यात, प्रगणक गट शक्यतो फोडू नये, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे तुकडे पडू नयेत, भौगोलिक सलगता राहावी आणि लोकसंख्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत असावी, असे त्यांचे स्वरूप असते. हरकत या निकषांपैकी एकावर किंवा अधिकांवर उभी असेल तरच ती विचारात घेण्याजोगी ठरते. 'आमच्या पक्षावर अन्याय झाला', 'विद्यमान नगरसेवकाचा बालेकिल्ला तोडला' अशा वाक्यांना तेथे आधार नाही, आणि ती लिहिली की उरलेल्या योग्य मुद्द्यांचेही वजन कमी होते.

पहिल्या परिच्छेदात प्रभागाचा क्रमांक, सीमेचा नेमका भाग आणि संबंधित प्रगणक गटांचे क्रमांक द्यावेत. दुसऱ्यात कोणता निकष मोडला, ते प्रत्यक्ष परिस्थितीसह लिहावे. तिसरा परिच्छेद पर्यायाचा, आणि बहुतेक हरकती येथेच ढासळतात. समजा, 90,000 लोकसंख्येच्या प्रभागातील दोन गट, मिळून 1,400 लोकांचे, ओढ्यापलीकडे असल्याने शेजारच्या प्रभागात टाकावेत अशी तुमची मागणी आहे. शेजारचा प्रभाग 88,000 चा असेल तर तो 89,400 होईल, आणि दोन्ही प्रभाग मर्यादेत राहतील, मागणी टिकते. पण शेजारचा प्रभाग 92,000 चा असेल तर तो 93,400 वर जाऊन मर्यादा ओलांडतो, आणि मग त्याच्या दुसऱ्या टोकाचे काही गट तिसऱ्या प्रभागात ढकलावे लागतात. ही साखळी कुठे थांबते ते स्वतः गणित करून, तक्ता जोडून दाखवावे. अधिकाऱ्याने तुमच्यासाठी हे गणित करावे अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे हरकत फेटाळण्याचे कारण आपणच त्याच्या हाती देणे आहे.

हरकतीला दुरुस्ती सुचवणारा रंगीत नकाशा आणि सीमेची दोन-चार छायाचित्रे जोडावीत. अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट न पाहता द्यावा आणि दिनांकासह पोच घ्यावी. एकाच मजकुराच्या शेकडो प्रती वेगवेगळ्या सह्यांनी देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, परंतु एकच मुद्दा शंभर वेळा आल्याने तो शंभरपट मोठा होत नाही. त्यापेक्षा एक भक्कम हरकत पक्षाच्या नावाने आणि त्याच जागेवर रोजचा त्रास सोसणाऱ्या दोन-तीन रहिवाशांच्या त्यांच्या स्वतःच्या शब्दांतील हरकती अधिक उपयोगी पडतात. सुनावणीला एकानेच बोलावे, मुद्दा थोडक्यात मांडावा आणि नकाशा अधिकाऱ्यासमोर ठेवावा.

सीमा, आरक्षण आणि मतदार यादी या तीन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. आरक्षणाच्या सोडतीवर आक्षेप असेल तर त्याची वेळ वेगळी. एखाद्या इमारतीतील मतदार चुकून शेजारच्या प्रभागाच्या यादीत गेले असतील, तर तो विधानसभेची यादी प्रभागनिहाय फोडताना झालेला दोष असतो आणि त्याची हरकतही त्या यादीच्या प्रारूपावर घ्यायची असते.

एक नाजूक बाब येथे स्पष्टपणे बोलली पाहिजे. मार्च 2022 मधील कायद्यातील बदलांनी प्रभागरचनेचे अधिकार राज्य शासनाकडे आले. त्यामुळे आयुक्तांचा आराखडा नगरविकास विभागामार्फत राज्य निवडणूक आयोगाकडे जातो आणि अंतिम मान्यता आयोगाची असते. या वाटेवर सत्ताधारी पक्षाच्या स्थानिक नेत्याला मंत्र्याच्या दालनात जाऊन रेषा हलवण्याचा मोह होऊ शकतो, मग तो पक्ष कोणताही असो. अशा नेत्याच्या शाखेला माझे सांगणे आहे की, तुमची सूचना खरोखर निकषांत बसणारी असेल तर ती इतरांसारखीच लेखी द्या, म्हणजे तिची नोंद राहील आणि विरोधकालाही तिला उत्तर देता येईल. प्रारूप प्रसिद्ध होण्यापूर्वीचा आराखडा गोपनीय असतो. 'फुटलेला' म्हणून फिरणारा नकाशा शाखेच्या गटावर पुढे पाठवू नये.

विधानसभा आणि लोकसभेच्या सीमा

या सीमांचे यंत्र वेगळे आहे. 1952, 1962, 1972 आणि 2002 च्या कायद्यांनी चार वेळा परिसीमन आयोग, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखणारे आयोग, नेमले गेले. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतील जागांची संख्या गोठवली. चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. राज्याच्या आतील सीमा मात्र 2001 च्या आकड्यांवर नव्याने आखल्या गेल्या आणि 2009 च्या निवडणुकांत पुणेकरांनी त्यांचा अनुभव घेतला : भवानी पेठ हा मतदारसंघ गेला, कोथरूड, वडगाव शेरी, खडकवासला हे नवे आले. हडपसर शिरूर लोकसभेत आणि खडकवासला बारामतीत असल्यामुळे एकाच महापालिकेचे नागरिक आज तीन खासदारांमध्ये वाटले गेलेले आहेत. 2023 च्या एकशे सहाव्या घटनादुरुस्तीने महिलांसाठीच्या एक तृतीयांश जागाही पुढील जनगणनेनंतरच्या परिसीमनाशी जोडल्या.

2002 च्या कायद्यात पक्षांसाठी थेट जागा नव्हती, पण प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून आयोगासोबत बसत. त्यांना मताचा अधिकार नव्हता; मात्र आयोगाच्या प्रस्तावाशी असहमत असलेल्या सदस्याचा पर्यायी प्रस्ताव, त्याची इच्छा असल्यास, मूळ प्रस्तावासोबत प्रसिद्ध करावा लागे. पक्षाच्या अभ्यासाला सर्वांत मोठी वाट याच तरतुदीतून मिळते. पुढचा आयोग याच धर्तीवर नेमला गेला, तर पुण्यातील शाखांनी आपला नकाशा आणि तक्ता शहराध्यक्षांमार्फत त्या सहयोगी सदस्यापर्यंत प्रारूपापूर्वीच पोहोचवावा, आणि त्यानंतरच्या जाहीर बैठकीत तोच मुद्दा पुन्हा मांडावा. सलग भूभाग, नैसर्गिक खुणा, विद्यमान प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय हे तेथील निकष होते.

आयोगाच्या आदेशाला कायद्याचे बळ असते आणि न्यायालयांत त्याला आव्हान देण्यावर अनुच्छेद 329 ने मर्यादा घातल्या आहेत. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उघड मनमानी असेल तर दाद मागता येते असे म्हटले असले, तरी त्या भरवशावर प्रारूपाच्या टप्प्यावर गप्प बसणे परवडणारे नाही. महापालिकेच्या बाबतीत अनुच्छेद 243यछ अशीच अडचण उभी करतो.

हरकत मान्य झाली नाही, तरी अर्ज, पोच, तक्ता, नकाशा आणि सुनावणीच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवून ती शाखेकडे राहील अशी व्यवस्था करावी. पदाधिकारी बदलला की ती त्याच्या घरी जाता कामा नये. 2027 च्या प्रगणक गटांचे आकडे प्रसिद्ध होतील त्या आठवड्यात ही फाइल काढून आपल्या प्रभागाची जुनी आणि नवी लोकसंख्या गटागटाने शेजारी मांडावी, आणि जिथे वस्ती वाढलेली डोळ्यांना दिसते पण आकडा वाढलेला नाही, ती ठिकाणे जनगणना कार्यालयाला लेखी विचारावीत.